काउबॉय शूटिंगसाठी दुनळी घ्यायचीय? आधी ती उघडते कशी ते बघा

काउबॉय ॲक्शन शूटिंगमध्ये नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, साइड बाय साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांची दुनळी, कुठली घेऊ? आणि मी प्रत्येकाला उलट विचारतो की अजून एकतरी हातात घेऊन उघडून बघितलीय का. बहुतेकांनी बघितलेली नसते. फोटो बघितलेले असतात, किंमत बघितलेली असते, कुठल्यावर छान नक्षी आहे ते पाठ असतं, पण उघडून बघितलेली नसते. मीसुद्धा तसाच गेलो होतो म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, म्हणजे तुमचे पैसे आणि पहिलं वर्ष वाया जाणार नाही.

ज्यांना खेळच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हा प्रकार अमेरिकेत सुरू झाला, १९८०च्या दशकात, दक्षिण कॅलिफोर्नियात, आणि आज त्याचे नियम सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी म्हणजे सॅस ठरवते. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराला अंगठ्याने घोडा ओढावा लागतो ती), पिस्तुलाच्या कॅलिबरची एक लिव्हर ॲक्शन रायफल (चापाखालचा दांडा ओढून भरायची) आणि एक जुन्या धर्तीची शॉटगन, असा चार हत्यारांचा संच लागतो. कपडे त्या काळातले, आणि प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागतं जे दुसऱ्या कोणाला मिळत नाही. टायमर वाजला की ठरलेल्या क्रमाने सगळी टार्गेट्स मारायची, एक चुकलं की ५ सेकंद वाढतात, क्रम चुकला की १०. मुरलेले शूटर अख्खी स्टेज, म्हणजे चारही हत्यारांची एक फेरी, वीस-पंचवीस सेकंदांत संपवतात, त्यावरून ५ सेकंद म्हणजे काय ते कळेल.

आता यात शॉटगनची गंमत अशी की नेम धरणं हा तिचा सगळ्यात सोपा भाग आहे. स्टीलच्या पाट्या असतात, जवळ असतात, आठ-दहा यार्डांपासून पुढे, छर्रे बसले की धाडकन पडतात, आणि नाही पडली तरी परत बार मारून पाडायची मुभा असते. वेळ जातो तो बार उडवण्याच्या आधी आणि नंतर. शॉटगन टेबलावर रिकामी आणि उघडी ठेवलेली असते, टायमर चालू असतानाच ती उचलायची, पट्ट्यातून दोन काडतुसं काढून कोंबायची, बंद करायची, दोन बार, परत उघडायची, रिकाम्या पुंगळ्या बाहेर फेकायच्या, परत दोन. एका वेळी दोनपेक्षा जास्त काडतुसं भरता येत नाहीत, पंप (पुढची मूठ मागेपुढे सरकवून चालवायची एकनळी) असो की दुनळी, नियम सगळ्यांना सारखाच. म्हणजे चार पाट्या असतील तर दोनदा भरणं, सहा असतील तर तीनदा. तुमची बंदूक किती छान मारते याने काही फरक पडत नाही हो, ती किती सहज उघडते, पुंगळ्या किती सहज टाकते आणि काडतुसं किती सहज गिळते यावरच सगळं आहे. खाली जे काही सांगतोय ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

दुकानात जायच्या आधी कायद्याचं बघून घ्या, कारण आपल्या मराठी मंडळींमध्ये इथे अमेरिकेत वर्क व्हिसावर असलेले खूप आहेत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फेडरल पातळीवर अडचण नाही, लायसन्सवाल्या डीलरकडे फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, शॉटगनसाठी वय किमान १८. पण एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर मुळात बंदूक घ्यायला आणि बाळगायलाही बंदी आहे, काही ठरावीक अपवाद सोडून, आणि त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. हा अपवाद वापरायचा असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, मित्राने सांगितलं म्हणून करू नका, ग्रीन कार्डची फाइल अडकली तर बंदुकीची हौस फार महागात पडेल. शिवाय राज्याराज्याचे नियम वेगळे, न्यू जर्सीत खरेदीसाठी वेगळं आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, टेक्सास-ॲरिझोनात तसलं काही नाही. आणि एक आकडा डोक्यात पक्का बसवा, शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा कमी आणि एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असता कामा नये, हा १९३४पासूनचा फेडरल कायदा आहे. जुन्या बाजारात कोणी कापलेल्या नळीची बंदूक स्वस्तात देत असेल तर टेप लावून मोजा आणि शंका आली तर हातसुद्धा लावू नका.

ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी एक ओळ, तिकडे पंप शॉटगनवर फार कडक बंधनं आहेत आणि दुनळी सगळ्यात साध्या लायसन्स कॅटेगरीत येते, त्यामुळे तुमच्यासाठी हा निर्णय तसाही झालेलाच आहे.

मग पहिलं पाऊल काय? विकत घेऊ नका. खरंच. आधी जवळच्या क्लबच्या मॅचला नुसते बघायला जा. या खेळातली माणसं इतकी दिलदार आहेत की तुम्ही नवीन आहात कळलं की स्वतःहून बंदूक पुढे करतात, काडतुसंही देतात. मी माझी पहिली मॅच चारही हत्यारं दुसऱ्यांची घेऊन मारली. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ होते, त्यांनी त्यांची दुनळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वरची लिव्हर ढकल. मी अंगठ्याने जरा ढकलली तर नळ्या आपल्या वजनाने खाली पडल्या, दार उघडावं तशा, कुठे अडणं नाही की खेचणं नाही. तेव्हा मला वाटलं सगळ्याच दुनळ्या अशा असतात.

नंतर मी स्वतःची घेतली, एक वापरलेली, दिसायला सुरेख, आणि दुसऱ्याच मॅचला भर उन्हात टेबलापाशी उभा राहून नखांनी पुंगळीची कड उकरत होतो. दोन बार छान उडाले, पाट्या पडल्या, बंदूक उघडली ती अर्धीच, मग गुडघ्यावर टेकवून उघडली, तर पुंगळ्या चेंबरला, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेला, चिकटून बसलेल्या, झटका दिला तरी एक निघाली आणि एक नाही. मागे उभा असलेला टायमरवाला शांतपणे म्हणत होता, टेक युवर टाइम. त्या एका स्टेजला माझे तीस सेकंद नुसते उकरण्यात गेले. बंदुकीचा दोष नव्हता असं नाही, पण ती मी न उघडता घेतली होती हा खरा दोष.

तर दुकानात किंवा कोणाच्या गॅरेजमध्ये बंदूक बघताना हा क्रम ठेवा. हातात घेतली की आधी रिकामी आहे ना ते दोन्ही चेंबरमध्ये डोळ्याने बघा, बोटाने चाचपा, नळी सुरक्षित दिशेला. मग वरची लिव्हर अंगठ्याने ढकला आणि नळ्यांना सोडून द्या. किती खाली येतात? नवीन कोरी बंदूक घट्ट असते, ते चालतं, वापरून आणि थोडं काम करून मोकळी होते. पण अर्ध्यावर जाऊन ठणकन अडत असेल आणि शेवटच्या टप्प्यात जोर लावावा लागत असेल तर तो जोर आतल्या घोड्यांच्या (काडतुसावर ठोका देणाऱ्या हातोड्यांच्या) स्प्रिंगा दाबण्यासाठी लागतोय, आणि तो तुम्हाला प्रत्येक वेळी लावावा लागणार. किती उघडते तेही बघा, तोंड जितकं मोठं उघडेल तितकं काडतूस आत टाकणं सोपं, काही बंदुका इतक्या कमी उघडतात की बोटं तिथे मावत नाहीत. मग दुकानदाराला विचारून दोन डमी, म्हणजे दारू नसलेली खोटी, काडतुसं मागा, ती आत टाका, बंद करा, उघडा, आणि नळ्या वर करून मागच्या बाजूला एक छोटा झटका द्या. दोन्ही एकदम बाहेर पडली पाहिजेत. डमी नवीन असतात त्यामुळे ती पडली म्हणून उडवलेली पुंगळी पडेलच असं नाही, पण डमीसुद्धा अडकत असेल तर ती बंदूक परत ठेवा आणि चहा प्यायला जा.

इथे एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर यातला फरक समजून घ्या, नवीन लोक इथेच फसतात. एक्स्ट्रॅक्टर पुंगळी थोडीशी वर उचलून देतो, बाहेर काढायचं काम तुमचं. ऑटोमॅटिक इजेक्टर स्प्रिंगने पुंगळी बाहेर उडवतो. सॅसच्या नियमात ऑटोमॅटिक इजेक्टर चालत नाहीत. बऱ्याच चांगल्या शिकारीच्या दुनळ्यांना इजेक्टर असतात, त्या घ्यायच्या तर गनस्मिथकडून ते निकामी करून साध्या एक्स्ट्रॅक्टरसारखे करून घ्यावे लागतात, तो खर्च किमतीत धरा.

बोअर कुठला? गावाकडे ज्याला आपण बारा बोअर म्हणतो तोच इथला १२ गेज. हा आकडा म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या किती गोळ्या केल्या की एक गोळी त्या नळीत बरोबर बसते, म्हणून आकडा लहान तशी नळी मोठी. नियमाने २० गेजपासून १० गेजपर्यंत चालतं. मी डोळे मिटून १२ सांगतो. नळी रुंद म्हणून काडतूस टाकायला सोपं, छर्रे जास्त, आणि हलकी काडतुसं सगळीकडे मिळतात. धक्का जास्त बसेल म्हणून लोक २० घेतात, पण खरं म्हणजे धक्का बोअरपेक्षा काडतुसावर आणि बंदुकीच्या वजनावर अवलंबून असतो, १२ चं हलकं काडतूस २० च्या जड काडतुसापेक्षा खांद्याला गोड लागतं. अंगाने अगदीच बारीक असाल, मनगटात जोर कमी असेल, तर २० जरूर घ्या, पण मग एक गोष्ट आयुष्यभर पाळा, तुमच्या घरात किंवा बॅगेत १२ आणि २० ची काडतुसं कधीही एकत्र येऊ देऊ नका. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमध्ये टाकलं तर ते सरकून पुढे नळीत जाऊन अडकतं, वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं, मग घाईत माणूस त्याच्या मागे १२ चं भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि ती नेमकी तिथे फुटते जिथे तुमचा डावा हात असतो. २० ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. मॅचला उरलेली काडतुसं एकत्र खिशात टाकायची सवय असेल तर आजच मोडा.

नळीची लांबी २० इंचाच्या आसपास असली की बरं, कोच गन म्हणतात ती हीच. हे नाव घोडागाड्यांवरून आलंय, वेल्स फार्गोसारख्या कंपन्यांच्या गाड्यांवर चालकाच्या शेजारी जो राखणदार बसायचा त्याच्या मांडीवर ही आखूड दुनळी असायची. ॲरिझोनातल्या टूमस्टोनला २६ ऑक्टोबर १८८१ ला जी प्रसिद्ध चकमक झाली त्यात डॉक हॉलिडे या नामांकित बंदूकबाजाकडे अशीच एक होती. लांब नळीही नियमात चालते, पण ती फिरवायला आणि झटका द्यायला जड जाते. २४ पर्यंत ठीक, २८ ची शिकारी बंदूक आयती मिळाली तर त्यावर शिकायला हरकत नाही, नळी कापायची घाई मात्र करू नका.

बाहेर घोडे असलेली घ्यावी की बिनघोड्याची, यावर लोक तासन्‌तास बोलतात. दिसायला बाहेरच्या घोड्यांची फार देखणी, मलाही तीच आवडते. पण टायमरवर प्रत्येक वेळी दोन्ही घोडे अंगठ्याने ओढायचे, म्हणजे भरण्याच्या कामात अजून एक काम वाढलं. बिनघोड्याची उघडली की आपोआप कॉक होते. आणि ती जुन्या काळाला शोभत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांचं बिनघोड्याचं बॉक्सलॉक, म्हणजे घोडे आत लपवलेलं यंत्र, १८७५ सालचं आहे. क्लासिक काउबॉय या कॅटेगरीत शूट करायचं मनात असेल तर मात्र बाहेरचे घोडे लागतात, तिथे दुसरा विचार नाही. नवीन माणसाने पहिली बिनघोड्याची घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, दोन वर्षांनी हौसेची घोडेवाली घ्या, तेव्हा हात बसलेला असेल.

चाप एक की दोन? दोन्ही नियमात बसतात. दोन चाप म्हणजे पुढचा ओढला की बहुतेक बंदुकांत उजवी नळी, मागचा ओढला की डावी. साधं यंत्र, बिघडायला फार काही नाही, एक नळी अडली तरी दुसरी चालते. बोट मागे सरकवायला थोडा सराव लागतो आणि पहिल्या बाराच्या धक्क्याने मधलं बोट चापाच्या कड्यावर आपटून काळंनिळं होतं, म्हणून पातळ चामड्याचा हातमोजा घाला. एका चापाची वेगवान, पण त्यात एक मेख आहे, काही सिंगल चाप इनर्शियावर चालतात, म्हणजे पहिल्या बाराचा धक्का बसला तरच दुसऱ्या नळीसाठी चाप तयार होतो. आपण या खेळात मुद्दाम हलकी काडतुसं वापरतो, धक्का कमी पडला की दुसरा बार उडतच नाही, पहिला फुसका गेला तर तीच गत. मेकॅनिकल चाप असेल तर हा प्रश्न येत नाही. विकणाऱ्याला हे थेट विचारा, आणि तुम्ही जी काडतुसं वापरणार आहात तीच घेऊन रेंजवर पंचवीस-तीस बार मारून बघायची परवानगी मागा.

सेफ्टीचंही, म्हणजे चाप अडवून धरणाऱ्या खटक्याचंही बघा. बऱ्याच दुनळ्यांमध्ये बंदूक उघडली की सेफ्टी आपोआप लागते. शिकारीला चांगली गोष्ट आहे, पण टायमरवर तुम्ही भरता, बंद करता, चाप ओढता आणि काहीच होत नाही, परत अंगठा सेफ्टीवर, असं प्रत्येक दोन काडतुसांना. बहुतेक शूटर गनस्मिथकडून फक्त ती आपोआप लागण्याची क्रिया बंद करून घेतात, सेफ्टी हाताने चालू-बंद होतच राहते. हे काम स्वतः घरी करू नका, पाचशे डॉलरची बंदूक उघडून बसाल आणि दोन स्प्रिंगा कपाटाखाली जातील हे तर आहेच, पण चाप आणि सेफ्टीच्या आतल्या भागात चुकीची फाइल चालली तर बंदूक न सांगता उडते.

आता नावं. नवीन घ्यायची तर स्टोगरची कोच गन ही बहुतेकांची पहिली बंदूक असते, ब्राझीलमध्ये बनते, पाचशे डॉलरच्या आगेमागे मिळते, दणकट आहे, नवीन असताना घट्ट असते पण ती मोकळी करून देणारे गनस्मिथ या खेळात भरपूर आहेत कारण सगळ्यांनी तिच्यावरच हात साफ केलाय. रशियातल्या इझेव्स्कची बैकाल ही जुन्या बाजारात दिसते, काही रेमिंग्टन स्पार्टन या नावाने विकल्या गेल्या, वजनदार आणि न तुटणारी, पण निर्बंधांमुळे नवीन येत नाही म्हणून सुट्या भागांचा विचार करून घ्या. घोडेवाली हवी तर तुर्कस्तानात बनलेली सीझेडची हॅमर कोच बघा, सिमरॉन १८७८ च्या कोल्टसारखी दिसणारी विकते, आणि इटलीतल्या पेडरसोलीची फारच सुबक पण तितकीच महाग.

वापरलेल्यांमध्ये माझा जीव एसकेबीवर आहे. जपानी बंदूक, इथाका कंपनीने १९६०-७०च्या दशकात अमेरिकेत आणलेली, आणि पहिल्या फळीतल्या शूटर्सच्या हातात तुम्हाला ती वारंवार दिसेल. उघडते लोण्यासारखी, वजनाला हलकी. मॉडेल १०० ला साधे एक्स्ट्रॅक्टर आहेत, २०० ई ला इजेक्टर, तेवढं बघून घ्या. त्या वेळच्या भावात आता मिळत नाही, पण मिळाली आणि परवडली तर विचार करत बसू नका. स्टीव्हन्स ३११ ही अमेरिकन कामकरी बंदूक, दोन चापांची, जड, कुरूप म्हणा हवं तर, पण स्वस्त आणि विश्वासू.

जुनी घेताना पाच गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या बंद करा आणि दस्ता धरून हलवा, खटखट वाजली किंवा सांध्यात उजेड दिसला तर बंदूक झिजलीय. वरची लिव्हर बंद झाल्यावर मधोमध किंवा थोडी उजवीकडे थांबली पाहिजे, मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर तिचं आयुष्य बरंच खर्च झालंय. नळ्या सुट्या करून त्यांच्या खालच्या हुकाला बोट घालून लटकत्या धरा आणि लाकडाने हलकं टकटक करा, देवळातल्या छोट्या घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर नळ्या जोडणारी मधली पट्टी घट्ट आहे, फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तिचं डाखकाम (सोल्डर) सुटलंय. नळीतून उजेडाकडे बघा, खड्डे, फुगवटा काही दिसतंय का.

आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर ती डमॅस्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून वेल्ड केलेली. दिसायला इतकी सुंदर की हातातून खाली ठेववत नाही. तिच्यात आजची स्मोकलेस पावडरची, म्हणजे बिनधुराच्या दारूची, काडतुसं उडवू नका. भिंतीवर लावा. तसंच शंभर वर्षांपूर्वीच्या कित्येक बंदुकांचं चेंबर आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड असतं, काडतूस आत बसतं पण उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. चेंबर गनस्मिथकडून मोजून घ्या, डोळ्याने कळत नाही.

मापाबद्दल लोक फार कमी बोलतात. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर तुमच्या हाताला जुळलं पाहिजे. अमेरिकन बंदुका सहा फुटी माणसाच्या हिशोबाने केलेल्या असतात, आपल्याकडचा पाच-पाच, पाच-सहाचा माणूस ती उचलतो तेव्हा दस्ता काखेत अडकतो, वर जाड शर्ट, वेस्ट, खांद्यापाशी पट्टे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवा, बोट चापावर सहज पोहोचलं पाहिजे, ताणून नाही. लांब असेल तर दस्ता कापून मागे रबरी पॅड बसवून घ्या, साधं काम आहे. माझ्या बायकोच्या बंदुकीचा दस्ता आम्ही एक इंचाहून जास्त कमी केला आणि त्याच महिन्यात ती माझ्यापेक्षा जलद मारायला लागली, त्याआधी वर्षभर ती बिचारी म्हणत होती की खांद्यात दुखतंय आणि मी म्हणत होतो सवय होईल.

काडतुसं निवडताना छर्रे शिशाचे आणि ४ नंबर किंवा त्याहून बारीक असावेत, स्टीलचे किंवा मुलामा दिलेले नाहीत, मॅग्नम आणि हाय व्हेलॉसिटी नाहीत, हा नियम. माझा सल्ला साडेसात किंवा आठ नंबर, एक औंस किंवा पाऊण ते एक औंसाच्या मधलं हलकं टार्गेट लोड. पण छर्‍यांपेक्षा पुंगळीचं प्लास्टिक बघा. गुळगुळीत अंगाच्या पुंगळ्या, जशा विंचेस्टर एए किंवा रेमिंग्टन एसटीएस, चेंबरमधून सुळकन बाहेर येतात. अंगावर उभ्या रेषा असलेल्या आणि बुडाला स्वस्त स्टील लावलेल्या पुंगळ्या गरम चेंबरमध्ये फुगून चिकटतात. मी त्या उन्हात उकरत बसलो होतो ती अशीच होती, डब्यामागे दोन डॉलर वाचवले होते. बंदूक बदलण्याआधी एकदा काडतूस बदलून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं.

त्यानंतरही अडकत असतील तर गनस्मिथकडून चेंबर पॉलिश करून घ्या आणि तोंडाची कड थोडी उतरती करून घ्या म्हणजे घाईत काडतूस कडेला ठेचकाळत नाही. या खेळात शॉटगनवर जेवढी कामं करतात त्यात पैसे वसूल होणारं हे पहिलं काम. आणि प्रत्येक मॅचनंतर चेंबर ब्रशने घासा, वितळलेल्या प्लास्टिकचा पातळ थर बसतो जो डोळ्याला दिसत नाही पण पुंगळीला कळतो.

पट्टा बंदुकीइतकाच महत्त्वाचा. शॉटगनची काडतुसं जोडीजोडीने लावता येणारा चामड्याचा पट्टा घ्या, एका लूपमध्ये दोनपेक्षा जास्त नाहीत असा नियम आहे. नवीन चामडं घट्ट असतं, काडतुसं घालून महिनाभर तसाच ठेवा. हात जिथे नैसर्गिकपणे खाली येतो तिथे पहिली जोडी हवी. एखादं काडतूस हातातून पडलं तर ते मेलं म्हणून सोडून द्या, वाकून उचलायचं नाही, पट्ट्यातलं पुढचं घ्या, म्हणूनच पट्ट्यात गरजेपेक्षा चार तरी जास्त ठेवा.

घरी सराव करताना डमी काडतुसंच वापरा, आणि सरावाच्या खोलीत जिवंत काडतूस एकही नको, दुसऱ्या खोलीत कुलपात. पलंगासमोर उभे रहा म्हणजे पडलेली डमी पलंगावर पडतात आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येत नाही. उघडा, झटका, जोडी, बंद. सुरुवातीला अगदी सावकाश, मोजून. दोन काडतुसं एकत्र धरून एकदम दोन्ही चेंबरवर आणायची ही हातोटी आहे, अंगठा मागे आणि दोन बोटं बाजूला, ती दहा-पंधरा मिनिटं रोज केली तर महिन्याभरात बसते. नळीचं तोंड सराव करतानासुद्धा समोरच, कारण मॅचमध्ये समोरच्या १७० अंशांच्या बाहेर नळी गेली की तुम्ही बाद, आणि झटका देताना ती डावीकडे फिरवायची वाईट खोड घरीच लागते. चष्मा आणि कानाची झाकणं बघायला आलेल्यांनाही लागतात, पोरांना घेऊन येणार असाल तर त्यांच्यासाठीही आणा.

माझे आजोबा कोकणात, पीक संरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरं आणि माकडांसाठी, आणि ती उडाली की अंगणात तो गंधकाचा उग्र वास बराच वेळ रेंगाळायचा. इथे पहिल्यांदा फ्रंटियर कार्ट्रिज, म्हणजे जुन्या धुराच्या दारूची काडतुसं वापरायच्या, कॅटेगरीतल्या एकाने ब्लॅक पावडरचे दोन बार मारले, समोरच्या पाट्या धुरात दिसेनाशा झाल्या, आणि तो वास आला तेव्हा मी टायमर, स्टेज सगळं विसरून नुसता उभा राहिलो. तुम्हाला ब्लॅक पावडरकडे जायचं असेल तर दुनळीच घ्या, पंपापेक्षा साफ करायला कितीतरी सोपी, गरम साबणाचं पाणी, कोरडं फडकं, तेल, संपलं.

पंपाचं विचारतात म्हणून सांगतो, विंचेस्टर १८९७ ही जॉन ब्राउनिंगची बंदूक उत्तम आहे आणि चांगल्या हातात दुनळीइतकीच वेगवान. पण तिचे आतले भाग बारीक, १९५७ नंतर मूळ कंपनीने केलेली नाही, आणि ती शिकायला जास्त वेळ घेते. ज्याला अजून बंदूक उघडल्यावर आधी कुठे बघायचं हेच अंगवळणी पडलेलं नाही त्याने दुनळीवर सुरू करावं, दोन भोकं दिसतात, भरलीय की रिकामी ते लांबून मॅचमधल्या सगळ्यांना दिसतं.

पुढच्या मॅचला कोणी येणार असाल तर सकाळी नोंदणीच्या वेळीच या आणि मी नवीन आहे असं मोठ्याने सांगा. मी असेन तर माझी एसकेबी टेबलावर असेल, आधी ती उघडून बघा.